मैदान तिचं, गाणं कंपनीचं : ‘ता थैय्या’ची वाटचाल

1990च्या दशकात टीव्हीवर गाजलेले हिंदी पॉप गायक सध्या काय करतात, हे विचारायची सोय नाही. अलिशा चिनॉयचा ‘मेड इन इंडिया’ 1995 साली आला तेव्हा घरोघरी तेच वाजत होतं. लकी अलीचा ‘सुनोह’, युफोरियाचं ‘धूम पिचक धूम’, सिल्क रूटचं ‘डूबा डूबा’ या सगळ्यांनी पाच-सहा वर्षं चॅनेल व्ही आणि एमटीव्हीचे तासन्‌तास भरून काढले. मग कॅसेट गेली, सीडी गेली, ‘मेड इन इंडिया’ काढणारी मॅग्नासाउंड कंपनीही गेली. गायक कुणी गोव्यात, कुणी जाहिरातींत, कुणी जुन्या गाण्यांच्या आठवणी जागवणाऱ्या कार्यक्रमांत दिसतात. यात एकच नाव असं आहे, की ज्याच्यासाठी आजही दर अश्विनात नवरात्राच्या नऊ रात्री गरब्याचं मैदान भरतं आणि पास मिळवायला ओळखी काढाव्या लागतात. फाल्गुनी पाठक.

आवाज इतरांचेही चांगले होते. काहींचे तर तिच्याहून तयार होते. फरक कुठे पडला हे पाहायचं तर दोन सालं शेजारी ठेवावीत. ‘याद पिया की आने लगी’ हा तिचा पहिला गाजलेला अल्बम 1998चा, आणि ‘ता थैय्या’ हा तिचा वाद्यवृंद 1994चा. बँड सोडले तर इतरांनी आधी अल्बम केला आणि मग कार्यक्रमांसाठी वादक गोळा केले. हिच्याकडे वादक आधी होते. म्हणून फाल्गुनी पाठकची कहाणी ही एका गायिकेइतकीच एका संस्थेची कहाणी आहे. या संस्थेला घटना नाही, कार्यकारिणी नाही, वार्षिक सभा नाही. पण करोनाची दोन वर्षं सोडली तर तीन दशकं दरवर्षी ठरलेल्या तिथीला जी उभी राहते, तिला दुसरं काय म्हणायचं?

गरब्याच्या अशा वाद्यवृंदांची मुळं उपनगरात नाहीत, गिरगावात आहेत. कच्छहून आलेल्या वीरजी शाह यांचं तिथे किराणा मालाचं दुकान होतं. उधारी चुकती करता न आल्याने एका गिऱ्हाइकाने त्यांच्या मुलांना संगीत शिकवलं, अशी गोष्ट या मुलांच्या, म्हणजे संगीतकार कल्याणजी-आनंदजींच्या बाबतीत नेहमी सांगितली जाते. 1954च्या ‘नागिन’मधली पुंगी खरी पुंगी नव्हती, ती कल्याणजींनी क्लेव्हायोलिन या विजेवरच्या वाद्यावर वाजवली होती. पुढे या भावांनी चित्रपट केले, ‘सरस्वतीचंद्र’च्या संगीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला आणि त्याच चित्रपटात गरब्याच्या चालीवरचं ‘मैं तो भूल चली बाबुल का देस’ घराघरांत पोचवलं. चित्रपटांइतकाच त्यांचा जीव रंगमंचावरच्या कार्यक्रमांत होता. त्यांचा धाकटा भाऊ लक्ष्मीचंद, म्हणजे बाबला, तालवाद्यांचा माणूस. त्याने स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला. त्या ऑर्केस्ट्रात गाणारी, पुढे त्याची पत्नी झालेली मुलगी मराठी होती : कांचन दिनकरराव माळी.

कांचनचं नाव आज मराठी वाचकाला सहज आठवत नाही, याची मला खंत वाटते. ‘धर्मात्मा’मधलं ‘क्या खूब लगती हो’ मुकेशबरोबर गाणारी ती. 1980च्या ‘कुर्बानी’त नाझिया हसनच्या ‘आप जैसा कोई’ची एवढी चर्चा झाली, की त्याच चित्रपटात अमितकुमारबरोबर ‘लैला ओ लैला’ कुणी गायलं हे विचारायचं राहूनच गेलं. तीही कांचनच. पण तिची खरी कीर्ती सातासमुद्रापलीकडची. त्रिनिदाद, गयाना, सुरिनाम या भागांत उत्तर भारतातून ऊसमळ्यांवर नेलेल्या मजुरांच्या वंशजांची वस्ती आहे. गयानात पहिली जहाजं 1838 साली लागली, त्रिनिदादला 1845 साली. त्यांच्या भोजपुरी गाण्यांना तिथल्या ढंगाची जोड देऊन सुंदर पोपोसारख्या गायकांनी ‘चटणी’ नावाचा प्रकार रूढ केला. बाबला आणि कांचन यांनी ही गाणी मुंबईच्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतली. कांचनचं ‘कैसे बनी’ तिकडच्या लग्नांत अजून वाजतं. मॉन्टसेराट बेटावरच्या ॲरो या गायकाचं ‘हॉट हॉट हॉट’ जगभर गाजलं, तेव्हा त्याच चालीवर कांचनने ‘कुछ गड़बड़ है’ गायलं. मातृभाषा मराठी, घर कच्छी, गाणं भोजपुरी, चाल कॅरिबियन आणि श्रोते बहुतेक इंग्रजी बोलणारे; असा संसार तिने विनातक्रार केला. 2004 साली ती गेली.

त्याच कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक आणि ग्वादलूप या फ्रेंच बेटांवरही भारतीय मजूर गेले होते. तिथल्या कलावंतांनी 1979 साली ‘कसाव’ हा बँड काढला आणि फ्रेंच वळणाच्या क्रिओल बोलीतली नाचाची गाणी थेट पॅरिसमध्ये नेऊन गाजवली. पॅरिसमध्ये त्या बोलीला कुणी फारसं विचारत नव्हतं. पण नाचायला आलेल्या बेटवासीयांना ती पुरेशी होती, आणि त्यांच्यामागून इतर आले. घरापासून दूर राहणाऱ्या माणसांची भाषा वर्तमानपत्रांत टिकते की नाही सांगता येत नाही, नाचाच्या गाण्यांत मात्र बरीच टिकते. मुंबईतल्या गुजरात्यांचंही काहीसं तसंच आहे.

बाबलाने 1980च्या आसपास ‘डिस्को दांडिया’ आणला. गरब्याची पारंपरिक चाल, पण खाली ड्रमसेट, बेस गिटार आणि सिंथेसायझर. जाणत्यांनी नाकं मुरडली. सोसायट्यांना मात्र हवं तेच मिळालं. तोवर इमारतीच्या चौकात मधोमध दिव्याची मडकी ठेवायची, एखाद्या मोठ्या गळ्याच्या काकूंनी गायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवत मागून म्हणायचं, अशी रीत होती. काकू दमल्या की गरबा थांबे. कॅसेट दमत नाही. ध्वनिमुद्रणाने त्या काकूंची सुटी केली, हे नुकसान मला मोठं वाटतं. पण नृत्याची भूक त्यानेच वाढवली, आणि त्या भुकेला पुढे जिवंत वाद्यवृंद लागला.

तो उपनगरांतच का लागला, याचं उत्तर घरांच्या हिशेबात आहे. काळबादेवी, भुलेश्वर, गिरगावच्या चाळींतली गुजराती कुटुंबं पेढी तिथेच ठेवून राहायला घाटकोपर, मुलुंड, कांदिवली, बोरिवलीला आली. त्याच लोकलने गिरगाव-दादरची मराठी कुटुंबंही आली. चाळीत वरखाली राहणारे इथे समोरासमोरच्या सोसायट्यांत राहू लागले. जुन्या मुंबईत नसलेली एक गोष्ट उपनगरात होती : मोकळी मैदानं. मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या मराठी मुलीचा अश्विन त्यामुळे दोन भागांत गेला. संध्याकाळी पाटावर हत्ती काढून भोंडला, खिरापत ओळखायची, आणि आठ वाजता मैत्रिणीची चणियाचोळी अंगावर चढवून मैदानात. भोंडला पुढे शाळेच्या कार्यक्रमापुरता उरला. त्याला वाद्यवृंद मिळाला नाही म्हणून तो मागे पडला, असं माझं मत आहे. वाद घालायला हरकत नाही.

मराठी रसिकाला ऑर्केस्ट्रा नवा नव्हता. प्रमिला दातार यांच्या ‘सुनहरी यादें’सारख्या वाद्यवृंदांनी नाट्यगृहं भरवली होती. पण तिथे माणसं खुर्चीत बसत. गाणं संपलं की टाळ्या, निवेदकाचे दोन विनोद, पुढचं गाणं. दांडियाच्या वाद्यवृंदाचा धर्मच वेगळा. इथे श्रोता पाठ फिरवून नाचतो, त्यामुळे गायकाने त्याला पायांतून पकडावं लागतं. गाणं थांबलं की वर्तुळ मोडतं. म्हणून थांबायचंच नाही. एका गाण्याचं ध्रुवपद संपता संपता दुसऱ्याचा मुखडा त्याच लयीत शिरला पाहिजे. सुरुवात संथ, बे ताळीच्या गरब्याने; मग तीन ताळी; सहा मात्रांचा हींच ताल आला की पावलं झुलायला लागतात; मग लय चढवत दांडियारास, आणि शेवटी सनेडो. ढोलवाला आणि ऑक्टोपॅडवाला यांनी गायिकेच्या ओठांकडे नाही, समोरच्या वर्तुळाच्या वेगाकडे बघायचं असतं. वर्तुळ रेंगाळलं की लय वाढवायची, मुलांचे घोळके एकमेकांवर आदळायला लागले की उतरवायची. दोन-अडीच तास हे करायला गळा लागतोच, पण त्याहून जास्त लागते वर्षानुवर्षं एकत्र वाजवलेल्या माणसांची सवय. ‘ता थैय्या’ने हीच सवय कमावली.

फाल्गुनी ही चार बहिणींनंतरची पाचवी मुलगी. मुलगा हवा असलेल्या घरात बहिणींनी तिला शर्ट-पँट घालून वाढवलं, आणि तिला तेच आवडलं, हे तिने अनेक मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलं आहे. दांडियाच्या व्यासपीठावर, जिथे समोरची प्रत्येक बाई आरसे-कवड्यांनी मढून आलेली असते, तिथे ही गायिका आखूड केस, शर्ट किंवा जाकीट आणि स्पोर्ट्स शूज अशा वेशात उभी राहते. घाटकोपरच्या सासवांनी यावर कधी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. देवीच्या उत्सवात तिच्या कपड्यांचा प्रश्न निघाला नाही, निघाला असता तर गरबाच थांबला असता. वर्षभर मुलींच्या केसांच्या लांबीवरून घरं डोक्यावर घेणाऱ्या समाजाने या एका बाबतीत दाखवलेला समजूतदारपणा नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

मग 1998 आलं. ‘याद पिया की आने लगी’च्या व्हिडिओत रिया सेन होती. पुढच्या वर्षी ‘मैंने पायल है छनकाई’, त्यात विवान भटेना. 2000 साली ‘मेरी चुनर उड़ उड़ जाए’, त्यात आयेशा टाकिया, आणि मैत्रिणीच्या भूमिकेत पुढे दक्षिणेत नाव कमावणारी त्रिशा. हे व्हिडिओ आज पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. गाणारी फाल्गुनी प्रत्येकात दिसते, पण नायिका म्हणून नाही. ती बाजूला उभी राहून, दोन पोरांची जुळवाजुळव पाहत गोष्ट सांगते. एरवी पॉपच्या धंद्यात गायिकेचा चेहरा विकला जातो. इथे चेहरे भाड्याने आणले आणि गायिका सूत्रधार राहिली. दांडियाच्या मैदानात तिचं काम तेच होतं : दुसऱ्यांना नाचवायचं. 1999 सालीच ‘हम दिल दे चुके सनम’मधलं ‘ढोली तारो ढोल बाजे’ आलं आणि गरबा ही देशभराची फॅशन झाली. फाल्गुनीच्या गाण्यांना ती हवाही मिळाली. महत्त्वाचं म्हणजे ही अल्बममधली हिंदी गाणी नवरात्रात ‘इंधणा विणवा’सारख्या जुन्या गुजराती गाण्यांच्या माळेत बेमालूम ओवली गेली. मैदानात वाजू शकणारं गाणं टीव्हीवरून उतरलं तरी मरत नाही.

टीव्हीवरून ती उतरलीच. 2002 साली ‘कांटा लगा’ने रिमिक्सचं पेव फोडलं, चॅनेलांचा वेळ चित्रपटांच्या जाहिरात-गाण्यांनी घेतला आणि स्वतंत्र अल्बमांची दुकानं मिटली. मराठीत वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते यांच्या ‘ऐका दाजिबा’ने याच सुमारास धमाल उडवली, पण मराठी पॉपलाही स्वतःचं मैदान नव्हतं, त्यातले गायक चित्रपटांकडे आणि स्पर्धांच्या परीक्षकपदाकडे वळले. ‘ता थैय्या’ला वळायची गरज पडली नाही. त्याचं कॅलेंडर कंपनीच्या हातात नव्हतंच, ते पंचांगाच्या हातात होतं.

खरं संकट आलं ते घड्याळाचं. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा. सणासाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला, आणि 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट पक्की केली. ते पंधरा दिवस गणपती, नवरात्र, दिवाळी, नाताळ या सगळ्यांत वाटायचे. त्यामुळे नवरात्राच्या वाट्याला शेवटचे दोन-तीन दिवस येतात. दरवर्षी कोणते दिवस, यावर आयोजक, पुढारी आणि पोलिस यांच्या बैठका होतात. पूर्वी दहानंतर रंगणारा गरबा आता दहाला संपतो. ज्यांच्या खिडक्या मैदानावर उघडतात, घरात आजारी माणूस किंवा परीक्षेचा मुलगा आहे, त्यांना विचारलं तर हा नियम उशिराच आला. त्यांची बाजू मला बळकट वाटते. पण नोकरदार उपनगराला त्याची किंमत मोजावी लागली : चर्चगेटहून सहा-वीसची गाडी पकडणारी मुलगी घरी येऊन कपडे बदलून मैदानात पोचेपर्यंत निम्मा कार्यक्रम झालेला असतो. वाद्यवृंदालाही रचना बदलावी लागली. संथ गरब्याचा तासभराचा आलेख आटला; पहिल्या अर्ध्या तासातच लय चढवावी लागते. लोक याला पिढीची घाई म्हणतात. निम्मी तरी घाई त्या नियमाची आहे.

पैशाचं गणितही बदललं. सोसायटीची वर्गणी जाऊन सीझन पास आले, प्रवेशद्वारावर मनगटाला पट्टे बांधणं आलं, बिल्डर आणि सराफांचे फलक आले, आणि व्यासपीठावर स्थानिक खासदार-आमदारांच्या खुर्च्या आल्या. 2022-23च्या सुमारास फाल्गुनीचा मुक्काम बोरिवली पश्चिमेच्या प्रमोद महाजन मैदानावर होता. 2023 साली तिथले बोगस पास विकणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्या. बोगस माल निघतो तो ज्याला भाव आहे त्याचाच. कुठल्याही संगीत पुरस्कारापेक्षा हा दाखला अधिक विश्वासार्ह मानायला हवा. त्याआधी 2020 आणि 2021 ही दोन वर्षं करोनामुळे मैदानं रिकामी होती. वाद्यवृंदातल्या वादकाचं वर्षाचं उत्पन्न या नऊ दिवसांवर किती टेकलेलं असतं, हे तेव्हा बाहेरच्यांना कळलं.

बंदी उठून 2022चं नवरात्र तोंडावर आलं असतानाच सप्टेंबरात टी-सीरिजने ‘ओ सजना’ आणलं : ‘मैंने पायल है छनकाई’चीच नवी आवृत्ती, आवाज नेहा कक्करचा, संगीत तनिष्क बागचीचं. समाजमाध्यमांवर चाहते खवळले. फाल्गुनीने त्यांच्या संतापाच्या पोस्ट स्वतःच्या खात्यावरून पुढे पाठवल्या. कायदेशीर कारवाईबद्दल पत्रकारांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, की करायला आवडलं असतं, पण हक्क माझ्याकडे नाहीत.

हे वाक्य नीट समजून घ्यायला हवं. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा मालक निर्माता असतो, म्हणजे कंपनी. 1990च्या दशकात गायकाने एकरकमी मानधन घेऊन सही केली, की गाणं त्याच्या हातून सुटलं. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गायकांनाही रॉयल्टीचा हक्क मिळाला आणि 2013 मध्ये गायकांच्या हक्क संघटनेची नोंदणी झाली. पण रॉयल्टी मिळणं वेगळं आणि गाण्याचं पुढे काय करायचं हे ठरवणं वेगळं. ज्या गाण्यामुळे देश तिला ओळखतो त्याची विल्हेवाट लावताना तिला विचारायचं बंधन कुणावर नव्हतं. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बोरिवलीच्या मैदानात हजारो लोकांनी तेच गाणं तिच्याकडून ऐकलं, तिच्या लयीत, तिच्या वादकांच्या साथीने. कागदावर कंपनी जिंकली होती. मैदानात नवी आवृत्ती वाजवून घ्यावी असं कुणाला सुचलंही नाही.

‘गुजरातचा गरबा’ 6 डिसेंबर 2023 रोजी युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. त्या मानपत्रात मुंबईच्या उपनगरांना जागा असण्याचं कारण नाही, तरी बाबलाच्या डिस्को दांडियापासून ‘ता थैय्या’पर्यंत या प्रकाराला विजेवरचं रूप देण्यात या शहराचा हात मोठा आहे, आणि त्यात कांचन माळीचाही. आता स्पर्धा वाढली आहे. किंजल दवे, गीता रबारी, पार्थिव गोहिल यांचे कार्यक्रम इथे होतात. गुजरातेतून येणारे हे कलावंत बोलीचा अस्सल बाज घेऊन येतात, जो मुंबईच्या मिश्र गरब्यात पातळ झाला होता. तरुण गुजराती मुलं तिकडे वळताना दिसतात. फाल्गुनीच्या मैदानात मात्र तिशी-चाळिशीतल्या बायका मुलींना हाताला धरून येतात. ज्यांनी शाळेत असताना ‘मेरी चुनर’वर नाच बसवला होता त्या या बायका. त्यांत साने, सावंत, डिसोझा सगळ्या असतात. फाल्गुनीनंतर ‘ता थैय्या’ उभा राहील का, हे कुणी उघडपणे विचारत नाही. वाद्यवृंदाला तिने स्वतःचं नाव दिलेलं नाही, नाचाचे बोल दिले आहेत. त्यामुळे निदान फलक बदलावा लागणार नाही.

2022च्याच नवरात्रात काळाचौकीच्या अभ्युदयनगरमध्ये भाजपने ‘मराठी दांडिया’ भरवला होता. गायला अवधूत गुप्ते होते. म्हणजे ‘ऐका दाजिबा’ला वीस वर्षांनी का होईना, मैदान मिळालं, फक्त ते दहाच्या आत संपवायचं होतं, आणि निवडणूक किती जवळ आहे यावर पुढच्या वर्षीचं अवलंबून होतं.